लगाम हाती देण्याआधी

आपल्या विद्यालयातून बाहेर पडून अभियांत्रिकीच्या वाटेला गेलेल्या आम्हा काही माजी विद्यार्थ्यांवर अलीकडे एक नवी जबाबदारी येऊन पडली आहे. ज्या टेबलाच्या अलीकडे आम्ही कधीकाळी घामाने भिजलेला रुमाल मुठीत धरून बसलो होतो, त्याच टेबलाच्या पलीकडे बसून आता आम्हाला नव्या उमेदवारांच्या तांत्रिक मुलाखती घ्याव्या लागतात. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा वसतिगृहातील पहाटेची वंदना, थंडीतली गार पाण्याची आंघोळ, रविवारच्या जेवणाची वाट पाहणे यांविषयी लिहावे असा मोह झाला होता. पण त्या आठवणी इतर मंडळी आमच्याहून चांगल्या लिहितील. आम्हाला येथे जे मांडायचे आहे ते थोडे अप्रिय आहे. परंतु घरच्या माणसांपुढे ते मांडले नाही, तर मांडणार कोठे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच विद्यालयाचा, स्थापत्य अभियांत्रिकी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला एक मुलगा पुण्याला मुलाखतीसाठी गेला. धुळ्याहून रात्रीच्या एस.टी.ने निघाला, पहाटे उतरला, स्थानकावरच तोंड धुऊन व शर्ट बदलून नऊच्या ठोक्याला हजर झाला. त्याला विचारण्यात आले : काळ्या मातीच्या जमिनीवर एकमजली घर बांधायचे आहे, पाया घेताना काय विचार कराल? मुलाने जमिनीच्या भारधारण क्षमतेची व्याख्या सांगितली. ती अचूक होती. समोरच्या गृहस्थांनी पुन्हा विचारले, "ते ठीक आहे, पण काळ्या मातीचेच काय?" मुलगा गप्प झाला, तो शेवटपर्यंत.

त्या मुलाचे घर तापीकाठच्या एका गावी काळ्या मातीवरच उभे आहे. मे महिन्यात तेथे शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळा लागला की तीच जमीन फुगते आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी चीर जाते. दर दिवाळीपूर्वी त्याचे वडील ती चीर बुजवतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडते. माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि वरच्या बांधकामाला उचलते-सोडते. म्हणून पाया त्या हलत्या थराच्या खाली न्यावा लागतो, किंवा तळाशी रुंद केलेले, रुरकीच्या संशोधन संस्थेने आपल्याकडे रुळवलेले 'अंडर-रीम्ड' खांब जमिनीत खोल उतरवावे लागतात. हे त्याच्या पुस्तकात होते आणि बालपणापासून डोळ्यांसमोरही होते. दोन्ही एकच आहे हे त्याला परतीच्या प्रवासात, येवला ओलांडताना कळले. त्याने ते आम्हाला फोनवर सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात दुःखापेक्षा आश्चर्यच अधिक होते.

ही एकट्या त्या मुलाची कथा असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. रावेर-यावलच्या केळीबागांत ठिबकच्या नळ्या पसरत वाढलेली मुले नळीच्या शेवटच्या टोकाला पाणी का कमी पडते, या प्रश्नावर अडखळतात. लांबी वाढली की घर्षणाने दाब घटतो, वेग दुप्पट झाला तर तोटा जवळपास चौपट होतो आणि नळी बारीक असेल तर तो फारच वाढतो, हे सूत्र त्यांनी परीक्षेत दहा वेळा लिहिलेले असते. वडिलांनी शेवटच्या रांगेसाठी वेगळी जोडणी का घेतली, हेही त्यांनी पाहिलेले असते. पण एक ज्ञान महाविद्यालयाचे आणि दुसरे घरचे, अशी त्यांनी मनात फाळणी करून टाकलेली असते. आणि मुलाखतीच्या खोलीत घरचे ज्ञान आत आणायला जणू बंदी असते. आमच्या मते ही फाळणी मुलांनी केलेली नाही. शेतावरचे, विटभट्टीवरचे, गॅरेजमधले जाणणे हे जाणणेच नव्हे, असे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ऐकवले गेले, त्यांची मुले आपली शिदोरी दाराबाहेरच ठेवून आत जाणार, यात नवल ते काय?

पालकांपैकी अनेकांना ही मुलाखत नेमकी कशी असते याची कल्पना नसते, म्हणून थोडे सांगतो. प्रथम संगणकावर चाचणी होते : टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, थोडे इंग्रजी, संगणक शाखेच्या मुलांना ठरावीक वेळेत प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवावा लागतो. हा टप्पा आपली मुले पार करतात. कष्टाची त्यांना सवय आहे आणि सीईटीच्या तयारीत अशी शेकडो गणिते त्यांनी सोडवलेली असतात. त्यानंतरची 'टेक्निकल' फेरी अर्ध्या-पाऊण तासाची, कधी दोन वेळा होणारी. आणि शेवटी वरिष्ठांची व 'एचआर'ची भेट. आम्ही घेतलेल्या व पाहिलेल्या मुलाखतींपुरते बोलायचे तर मुले टेक्निकल फेरीत गळतात. तेथे कागदावर लिहिलेल्या उत्तराला गुण नसतात. समोरचा माणूस तुमच्याच अर्जातील एखादा शब्द उचलतो आणि 'का?' असे विचारतो. उत्तर दिले की त्या उत्तरावर पुन्हा 'का?'. चौथ्या-पाचव्या 'का'ला बहुतेक प्रत्येकाचे ज्ञान संपते. मुलाखत घेणाऱ्याला पाहायचे असते ते नेमके तेथेच : जमीन संपल्यावर हा मुलगा काय करतो?

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयीही येथे बोललेच पाहिजे. हजारो रुपये मोजून तयार यंत्र किंवा तयार प्रोग्रॅम आणायचा, वर चकचकीत अहवाल बांधायचा आणि अर्जात पहिल्या ओळीत त्याचे नाव लिहायचे. दुसऱ्याच प्रश्नाला त्याचे पितळ उघडे पडते. त्यापेक्षा भुसावळच्या बाजारातून मिळालेल्या जुन्या पंख्याची मोटर स्वतः उघडून पुन्हा बांधली, आणि ती चाललीच नाही, असे सांगणारा मुलगा आम्हाला कितीतरी अधिक आशादायक वाटतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला हा प्रसंग फारसा आला नाही. भुसावळची रेल्वे, वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना, दीपनगरचे वीज केंद्र येथे जे लागले ते बहुतांशी लेखी परीक्षा, गुणवत्ता यादी आणि आरक्षणाची बिंदुनामावली यांच्या आधाराने लागले. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. समोरासमोरच्या भेटीत पक्षपाताला वाव राहतो, हे त्यामागचे कारण आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र त्याच काळात अभियंत्यांच्या नव्या नोकऱ्या मोठ्या प्रमाणात खासगी क्षेत्रात गेल्या. तेथे आरक्षण नाही आणि मुलाखत हेच मुख्य दार आहे.

मग आपली मुले तेथे गप्प का होतात? याचे सर्वांत सोपे उत्तर 'इंग्रजी' असे दिले जाते. ते अर्धे खरे आहे. मोडक्या इंग्रजीत बोलणारी मुले निवडली गेलेली आम्ही पाहिली आहेत, आणि अस्खलित इंग्रजीत काहीच न सांगणारी नाकारली गेलेलीही. खरी अडचण आम्हाला वेगळी वाटते. अनोळखी माणसासमोर अर्धवट विचार मोठ्याने बोलून दाखवण्याची सवय आपण मुलांना कधी लावलीच नाही. दोनशे मुलांचे वसतिगृह घंटेवर चालते आणि शांतता हीच तेथली शिस्त ठरते. वर्गात हात वर करायचा तो उत्तर पक्के ठाऊक असेल तरच; चुकले तर 'खाली बस'. आम्हीही असेच वाढलो आणि त्या शिस्तीचे ऋण आम्हाला मान्य आहे. पण जो मुलगा दहा वर्षे केवळ पक्के उत्तरच बोलायला शिकला, तो पक्के उत्तर नसताना गप्पच बसणार.

विशेष म्हणजे, ज्या परंपरेच्या नावाने आपले विद्यालय चालते तिने या विषयाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांना सरळ, एका बाजूचे उत्तर द्यावे. काहींचे उत्तर विभागून, 'असे असेल तर हे, तसे असेल तर ते' असे द्यावे. काहींना आधी प्रतिप्रश्न करावा. आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. कोणता प्रश्न कोणत्या प्रकारचा, हे ओळखणारा तोच कुशल. आपल्या मुलांना पहिलाच प्रकार येतो. काळ्या मातीचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता : थर किती जाडीचा आहे, त्याखाली मुरूम किती खोलीवर लागतो, पाण्याचा निचरा कसा आहे, यांप्रमाणे उत्तर बदलते. आणि हे समोरच्यालाच विचारता आले असते, म्हणजे तो तिसऱ्या प्रकारचाही होता. "साहेब, मुरूम किती फुटांवर आहे?" एवढा एक प्रश्न त्या मुलाने विचारला असता तर मुलाखतीचे वळण बदलले असते, असे आम्ही अनुभवाने सांगतो. उमेदवाराचा प्रतिप्रश्न हा उद्धटपणा समजला जाईल ही मुलांची भीती निराधार आहे. चांगला परीक्षक त्याची वाटच पाहत असतो.

मिलिंदपञ्हातील एक प्रसंगही येथे आठवतो. राजा मिलिंदाने वादाची इच्छा दर्शविली तेव्हा नागसेनांनी विचारले की, वाद पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या? पंडितांच्या वादात गुंता होतो आणि उकलतो, खंडन होते, चूक कबूल केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मात्र जो असहमत होतो त्याला दंड मिळतो. मिलिंदाने पंडितांची रीत मान्य केली आणि मगच संवाद सुरू झाला. तांत्रिक मुलाखत, ती नीट घेतली जात असेल तर, पंडितांचा वाद असते. आपली मुले मात्र ती राजवाद समजून दंडाची वाट पाहत बसतात. पाटलाच्या, साहेबाच्या, सावकाराच्या पुढे उभे राहण्याचा ज्यांच्या घरांना अनुभव आहे, त्यांना टेबलापलीकडचा प्रत्येक माणूस राजा वाटावा, हे समजण्यासारखे आहे.

आणि काही वेळा तो खरोखरच राजा असतो. हे न सांगता पुढे गेलो तर आम्ही आमच्याच मुलांशी अप्रामाणिक ठरू. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवण्यात आले होते. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाची त्याहूनही कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, गुणवत्तेची भाषा करणारी हीच मंडळी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मोलाची मानतात. 'पूर्ण नाव सांगा', 'सीईटीचा क्रमांक किती होता?' हे प्रश्न कोणत्या विहिरीतून येतात, ते आपल्या मुलांना लगेच कळते. अशा प्रश्नांसाठीच तो चौथा प्रकार आहे. क्रमांकाचा प्रश्न शांतपणे बाजूला ठेवून 'माझ्या कामाविषयी विचारावे' असे म्हणता येते. त्यात नोकरी जाऊ शकते, हेही खरे. वडिलांच्या व्यवसायाविषयी मात्र आमचे मत असे की, तो लपवू नये. 'वडील दुसऱ्याच्या बागेत ठिबक बसवतात, सुट्टीत मीही बसवतो' हे वाक्य अर्जातल्या अर्ध्या ओळींपेक्षा वजनदार आहे.

आता समाजाच्या वाट्याच्या गोष्टीकडे येतो, आणि त्यासाठी आपल्या खान्देशातच घडलेला एक प्रसंग पुन्हा सांगावासा वाटतो. ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मोठ्या संख्येने जातो. चाळीसगावच्या त्या पुलाची आठवण त्या मानाने कमी काढतो. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. धुळ्याच्या लोहमार्गावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले, तेव्हा तेथील आपले बांधव हार घेऊन उभे होते. वस्ती दोन मैलांवर. स्थानकाबाहेर टांगे पुष्कळ होते, पण बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी एकाने टांगा भाड्याने दिला, हाकायला मात्र तो आला नाही. आपल्या पाहुण्याने पायी चालावे हे लोकांना पटेना. म्हणून त्यांच्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलावर घोडा बुजला, चाक दगडात अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह नदीत कोसळला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि तिचा राग त्या होतकरू सारथ्यावर नाही. दोष नकार देणाऱ्यांचा होता, यात तिळमात्र शंका नाही. तरीही पाय मोडला तो न शिकलेल्या हाती लगाम गेल्यामुळे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आपण मात्र सभांमधून त्यांतली एकच सांगत राहतो. काही जण म्हणतात, व्यवस्थाच अन्यायी आहे, मुलांची तयारी काढून काय उपयोग? दुसरे म्हणतात, मेहनत करा, भेदभाव वगैरे काही राहिलेला नाही. पहिल्यांच्या बोलण्यात मुलाला लगाम कोणी शिकवायचा याचे उत्तर नाही. दुसऱ्यांना टांगेवाल्याचा नकार दिसत नाही. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की आपण विहारात त्याचा सत्कार करतो, शाल देतो, पेढे वाटतो. प्रेम खरे असते, चाळीसगावच्या हारांइतकेच खरे. त्यानंतर चार वर्षांनी तो एकटाच रात्रीच्या एस.टी.त बसतो आणि अनोळखी खोलीत त्याच्या हाती प्रथमच लगाम येतो. मध्यंतरी एखादे कुटुंब कर्ज काढून पुण्यातल्या 'नोकरीची हमी' देणाऱ्या वर्गाचे शुल्क भरते. तेथे त्याला टाय बांधायला आणि दोनशे प्रश्नांची दोनशे उत्तरे पाठ करायला शिकवतात. म्हणजे पुन्हा पहिलाच प्रकार.

आमचे म्हणणे असे की, हे शिक्षण महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी सुरू होऊ शकत नाही. ते आठवी-नववीत, आपल्याच विद्यालयात सुरू व्हायला हवे, आणि त्याला पैसा लागत नाही. शनिवारी संध्याकाळच्या वंदनेनंतर एक तास, एक फळा, एक प्रश्न. मुलाने फळ्यापाशी उभे राहून मोठ्याने विचार करायचा. चुकले तर तेथूनच मागे यायचे. ऐकणाऱ्यांनी फक्त 'का?' विचारायचे. 'खाली बस' म्हणायला त्या तासापुरती शिक्षकांनाही मनाई. भाषा कोणतीही चालेल. जळगाव-धुळ्यात नोकरी करणारे आमच्यातले काही जण आळीपाळीने येतील, बाहेरगावचे फोनवर मुलाखत घेतील. संस्थाचालकांनी याला परवानगी दिली आणि पावसाळ्यापासून आम्ही सुरुवात केली. मुलींचा गट सुरुवातीला मागे बसत असे; आता पहिल्या रांगेसाठी त्यांचे भांडण होते. सगळे सुरळीत आहे असे मात्र नाही. दोन शनिवार कोणीच आले नाही, आणि एका ज्येष्ठ शिक्षकांना हा प्रकार अजूनही गोंगाट वाटतो.

गेल्या शनिवारी प्रश्न होता : शेतातली मोटर का जळते? बराच वेळ कोणी बोलेना. मग शिरपूरकडचा नववीतला एक मुलगा अहिराणीत म्हणाला, "सर, वीज कमी उनी का मोटर घूं करस, मंग तपी जास." आम्ही फळ्यावर लिहिले : दाब कमी, मोटर गरम. त्याच्या शेजारची मुलगी लगेच म्हणाली, "पण वीज कमी आली तर मोटर कमी तापायला पाहिजे ना?" कोणीतरी हसले, मग तेही थांबले, कारण उत्तर कोणालाच येत नव्हते. मोटरने पाणी तेवढेच उचलायचे असेल तर तिला काय करावे लागेल, एवढाच प्रतिप्रश्न आम्ही केला. "जास्त ओढावं लागेल," मागून कोणी तरी म्हणाले. "काय जास्त?" तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. फळा पुसू नका, असे सांगून आम्ही निघालो.